वाटणीत राहून गेलेला उकिरडा

इंदू,

तुझ्या तेराव्याच्या पत्रावळी मी आपल्या उकिरड्यात टाकल्या. हे आधी सांगून टाकते, कारण त्यावरून गावातल्या दोन-तीन बायांनी तोंडाला पदर लावला, आणि ही बातमी तुझ्याकडं माझ्याआधी पोचायला नको. तुझा महेश तर चकचकीत चंदेरी कागदाची ताटं आणायला निघाला होता. "मोठी आई, पळसाच्या पानावर आता कोण जेवतंय?" म्हणाला. मी म्हणाले, "तुझी आई जेवली असती. आन् ती चंदेरी ताटं कुजायची तर तुझी नातवंडं म्हातारी व्हतील." पोरगं उठलं आणि पळसाच्या पत्रावळी घेऊन आलं.

जेवणं उठली, पाहुणे अणदूरच्या फाट्याकडं निघाले, तसा मी पदर खोचला. उष्टं वेगळं काढून शेळ्यांना आणि कुत्र्यांना घातलं. पत्रावळी फाडून थर लावला, त्यावर सोयाबीनचं भुसकट, त्यावर शेणकाला, सगळ्यांत वर चार मुठी माती. तुझ्या पद्धतीनं. म्हणजे पद्धत माझीच; पण तू आत्ताच गेलीस म्हणून एकदा तुझ्या नावावर लिहिते.

रडले का, विचारशील. रडले. रडायला ती जागा बरी आहे. डोळ्यांत पाणी दिसलं तर लोकांना वाटतं, वासानं आलं. आपल्या उकिरड्याला वास येत नाही हे त्यांना अजून ठाऊक नाही, म्हणून निभावलं.

त्या उकिरड्याचंच सांगायला बसले आहे. तू गेलीस आणि महिनाभरात त्याच्यावर पाळी आली. पोरांनी आपल्या दोन घरांमध्ये भिंत घालायची ठरवली, आणि ती भिंत बरोबर उकिरड्याच्या मधून जाणार होती. काय झालं ते सांगते, पण माझ्या चालीनं. तुला घाई असायची. आता तुला कसली घाई?

मी या घरात आले तेव्हा कशी होते, हे तुझ्याशिवाय आता कुणाला आठवत नाही, म्हणून मला वाटेल तसं सांगता येईल. पण खरं सांगते. नळदुर्गची पोरगी, सातवी झालेली, किल्ल्याखालच्या गल्लीत वाढलेली. माझ्या मनानं मी जवळजवळ मुंबईचीच होते. सासूबाईंनी पहिल्या सकाळी शेणाची पाटी डोक्यावर दिली, तर मी नाकाला रुमाल बांधून, पायात चपला घालून, दोन बोटांनी पाटी धरून निघाले. पाटी कुठं पडली ते सांगायला नको. चपला धुवायला अर्धा दिवस गेला आणि रुमाल म्हशीनं खाल्ला. माझ्या माहेरी कचरा म्हणजे गल्लीच्या टोकाला टाकायची वस्तू. इथं रोज सकाळी त्याला भेटायला जायचं, दिवाळीत त्याच्यापाशी दिवा लावायचा. मला वाटलं, ही माणसं जरा कमी शिकलेली आहेत.

मग तू आलीस. येडशीकडच्या डोंगरातली, शेळ्यांमागं वाढलेली, बोलायला कमी आणि हसायला जास्त. मी थोरली जाऊ म्हणून तुला शहाणपण शिकवायला घेतलं. पहिला धडा साडीचा. आठवतं ना? सासूबाई फाटकी सुती लुगडी उकिरड्यात टाकायच्या आणि वर्षभरात त्यांची माती व्हायची. मी म्हणाले, कापड ते कापड. माझी नायलॉनची साडी, निळ्यावर गुलाबी गुलाबांची, चुलीशी जळून भोक पडलं होतं. ती मी घडी घालून खताच्या पोटात पुरली, कुणाला दिसायला नको म्हणून. पुढच्या वैशाखात खत उपसलं, साडी बाहेर. गुलाब ताजे. पुन्हा पुरली, पुन्हा आली. तिसऱ्या सालाला तू ती दोन्ही हातांनी पसरून धरलीस आणि गाडीवानांसमोर म्हणालीस, "अक्का, तुमची साडी आली बघा माहेराहून." सासरे मान फिरवून हसले. मी त्या दिवशी तुझ्याशी बोलले नाही. शेवटी तू तिच्या चिंध्या करून टोमॅटोची झाडं बांधलीस, आणि अख्ख्या गावात गुलाबाच्या गाठी मारलेले टोमॅटो फक्त आपल्याकडं होते.

वाटणी झाली ते वर्ष मला नको वाटतं, पण ते आल्याशिवाय हे पुढं सरकत नाही. तुझा नवरा आणि माझा नवरा, सख्खे भाऊ, लिंबाखाली पंच बसवून समोरासमोर बसले. बैल वाटले, बांध वाटले, आंब्याची झाडं वाटली. तांब्याचा हंडा आला, पितळी परात गेली. दाराची साखळीसुद्धा कुणाची याची चर्चा झाली. आणि मी काय करत होते? आत दाराआड उभी राहून सासूबाईंच्या कानात सांगत होते, मोठा पितळी डबा माझ्याकडं आला पाहिजे. तो डबा आला. त्याचं झाकण तुझ्याकडं गेलं. आजतागायत त्या डब्यावर मी ताटली ठेवते.

उकिरडा मात्र कुणाच्या तोंडी आला नाही. पंचांना तो विषय हलका वाटला असेल, आणि भावांना मागायची लाज. दुसऱ्या दिवशी सकाळी तू तुझ्या दारातनं टोपली घेऊन आलीस, मी माझ्या. दोघी काठावर उभ्या.

तू विचारलंस, "अक्का, हे कुणाचं?"

मी म्हणाले, "ठाऊक न्हाय."

"विचारायचं का?"

"नको."

"मग तुमी टाका. तुमच्यामागनं मी टाकते."

एवढंच. कागद नाही, पंच नाही. भाऊ पुढं कितीतरी वर्षं एकमेकांच्या ओट्यावर चढले नाहीत, आणि आपण रोज सकाळी उकिरड्यावर भेटत होतो. मीठ तिथं दिलं-घेतलं, विरजण तिथं दिलं-घेतलं. तुझ्या महेशला गोवर आला ते मला तिथं कळलं. माझ्या दिलीपला पोरगी बघायला जायचं तेही तिथंच ठरलं. भावांना वाटायचं, बाया कचरा टाकायला किती वेळ लावतात.

त्या उकिरड्याचा खड्डा आपण केला, आणि खड्ड्याचं खत करायला आपण चुकत-चुकत शिकलो. कुणी शहाणं भेटलं नाही, भेटलं असतं तरी आपण ऐकलं नसतं. तू पाणी ओतायचीस ते एवढं की खालून काळा रस वाहायचा आणि माश्या घोंघावायच्या. मी पाणीच मारत नसे, तर माझ्या बाजूचा पालापाचोळा वर्षानं काढला तेव्हा पानांवरच्या शिरा मोजता येत होत्या. मग मधलं जमलं: मूठ दाबली की हाताला ओल लागावी, थेंब पडू नये. ओल्या सालींवर कोरडं भुसकट, भुसकटावर शेळीच्या लेंड्या, आणि हे तिन्ही आलटून पालटून. तुझ्या माहेरच्या काळ्या शेळ्यांच्या लेंड्यांचा तुला फार गर्व. मी एकदा म्हणाले, "लेंडी ती लेंडी." तू दोन दिवस मला कढीपत्ता दिला नाहीस.

आणि घाई केल्याची शिक्षाही झाली. अर्धकच्चं खत मी माझ्या वांग्यांना घातलं, तू नको म्हणत असताना. मुळाशी हुमणीची अळी लागली, झाडं हात लावला की उपटून यायची. मी तुला सांगितलं, वांगं मलाच नकोसं झालंय. तू फक्त तुझ्या वाफ्यातली वांगी दर आठवड्याला आमच्या ओट्यावर ठेवत गेलीस, एकदम कोवळी, काटेरी. माझा नवरा ती खाऊन म्हणायचा, "यंदा वांगी झ्याक आलीत आपली." मी मान हलवायची.

डांगराची गोष्ट तर मी तेराव्याला आलेल्या तुझ्या भावाला सांगितली आणि तो इतका हसला की लोक बघायला लागले. खड्ड्याच्या मधोमध डांगराचं बी आपोआप रुजलं. वेल असा फोफावला की पानं सुपाएवढी. आता वेल सामाईक जागेतला, पण डांगर ज्याच्या हद्दीत धरेल त्याचं, असं मी जाहीर केलं. कारण वेलाचा शेंडा माझ्याकडं वळला होता. दुसऱ्या दिवशी बघते तर शेंडा तुझ्याकडं. मी तो हळूच फिरवून दगड ठेवला. तिसऱ्या दिवशी दगड तिथंच, शेंडा तुझ्याकडं. दोघींनीही एकमेकींना कधी विचारलं नाही. वेल बिचारा गिरक्या घेत राहिला आणि डांगर धरलं ते बरोबर खड्ड्याच्या मधल्या काठावर. कापायला महेशचा आणि दिलीपचा, दोघांचा जोर लागला. अर्धं अर्धं घेतलं. घाऱ्या तू केल्यास, भाजी मी. त्या वर्षी प्रथमच भाऊ एका ओळीत जेवायला बसले. बोलले नाहीत, पण घारी मागून घेतली.

मातीचं सांगायचं तर, ते मी सगळ्यांना सांगत असते, तुला काय सांगायचं. पोत्यातलं खत टाकून टाकून आपली दोन्ही शेतं दगडासारखी झाली होती. पाऊस यायचा आणि वरच्या वर वाहून जायचा, जाताना मातीही घेऊन जायचा. उकिरड्याचं खत दर साली पडायला लागलं तशी जमीन पाणी प्यायला लागली. नांगराला हलकी झाली. ढेकूळ हातात घेतलं की फुटायचं, आत गांडुळं. पावसानं ओढ दिली त्या साली शेजारच्यांचं सोयाबीन दुपारी माना टाकायचं, आपलं उभं. लोक विचारायचे, काय फवारलंत? तू म्हणायचीस, "कांद्याची टरफलं." कुणी विश्वास ठेवला नाही. शिवाय घरातला कचरा पेटवायचं बंद झालं, धुरानं सासूबाईंचा खोकला व्हायचा तो कमी झाला. पोत्यांचं खत निम्म्यावर आलं. एवढ्याचं श्रेय मी गावभर एकटी घेत फिरले, तेव्हा तू मागं उभी राहून हसायचीस. ते हसणं मला लई झोंबायचं.

आपलं एक भांडण मात्र मिटलं नाही. खत मधे वरखाली करायचं का नाही? तुझं म्हणणं, "आतलं गुदमरतंय, त्याला वारा द्या." माझं म्हणणं, झोपलेल्या लेकराला उठवून कुणी दूध पाजत नाही. शेवटी तू तुझ्या बाजूचं फावड्यानं उलथायचीस, मी माझ्या बाजूला हात लावू द्यायची नाही. तुझं आधी तयार व्हायचं हे मला दिसत होतं. पण माझं जास्त बारीक व्हायचं, असं मी म्हणायची. थंडीत सकाळी तू उलथायला लागलीस की पोटातनं वाफ निघायची. त्या वाफेवर आपण दोघी हात शेकायचो, तेव्हा मात्र वरखाली करण्याबद्दल माझी काही तक्रार नसायची.

दवाखान्यातलं तेवढं सांगते, जास्त नाही. सोलापूरला तुला भेटायला आले तेव्हा हाताला सलाईन, नाकाला नळी, आणि तू मला म्हणालीस, "अक्का, ऊन तापाय लागलंय. खड्ड्याला पाणी मारताय न्हवं?"

"मारतेय."

"किती?"

"मारायचं तेवढं."

"कमी पडत असंल. तुमचा हात आखडता हाय."

"तू तुझं सलाईन बघ. तेच कमी पडतंय."

तिथली नर्स हसली. तू हसलीस, मग खोकला आला, मग तिनं मला बाहेर काढलं. माझं-तुझं शेवटचं बोलणं ते. लोक विचारतात, शेवटी काय म्हणाली इंदू? मी सांगते, देवाचं नाव घेतलं. काय सांगू, पाण्यावरून भांडली?

एक गोष्ट राहिली. माझं मनगट मोडलं होतं त्या पावसाळ्यात, तू रोज आमच्या मागल्या दाराशी यायचीस आणि माझी बादली उचलून न्यायचीस. पूर्ण पावसाळा. घसरत, चिखलातनं. मी तुला एवढंच म्हणाले, "बादली नीट विसळून ठेवत जा." जावांमध्ये आभार मानायची पद्धत नाही, आणि मला ती पाडायची नव्हती. त्यापुढं दर साली तुझ्याकडं सायीचं दही जास्त येत होतं, ते तुला कळलं असेल असं मी धरून चालले आहे.

तर आता भिंत. आपल्या दोघींचे नवरे तर कधीच गेले, कारभार आता पोरांचा.

शिमगा झाला आणि तू गेलीस. पाडवा आम्ही केला नाही. त्यानंतर एका संध्याकाळी दिलीप आणि महेश दोघं माझ्या ओट्यावर येऊन बसले. एकत्र. चहा एकत्र, बिस्किटं एका ताटलीत. मला कसं बरं वाटलं. मग महेश म्हणाला, "मोठी आई, गवंडी सांगितलाय. उद्या आखणी. रस्त्यापासनं ओढ्यापतूर सरळ भिंत."

"कशाला?"

"शेळ्या तुमच्या भाजीत शिरतात. ट्रॅक्टर लावायला जागा बंदिस्त पाहिजे. आन् आता सगळ्यांचीच भिंत हाय."

"मधी उकिरडा हाय."

"अर्धा तुमच्याकडं, अर्धा आमच्याकडं. वाटणीत तेवढं राहून गेलं होतं, ते बी उरकून जाईल."

मी दिलीपकडं बघितलं. तो म्हणाला, "आई, भांडण न्हाय काही. दोघांच्या राजीखुशीनं चाललंय."

इंदू, हेच वाईट झालं. भांडले असते तर मी मधे पडले असते, रडले असते, तुझं नाव काढलं असतं, मला सगळं येतं. पण दोघं एकविचारानं, हसत-हसत, एका ताटलीतली बिस्किटं खात भिंत घालत होते. अशा माणसांना अडवायचं कसं?

मी म्हणाले, "अर्धा उकिरडा तापत न्हाय रे. ढीग मोठा असला तर आत ऊब धरतो, तवा कुजतंय. दोन तुकडे केले तर दोन्हीकडं नुसता कचरा राहील."

दिलीप म्हणाला, "गांडूळखताची तयार पोती मिळतात आता. आणू की."

"आन् घरातली सालं, देठं, शेण, पाचोळा?"

"एका कोपऱ्यात पेटवून द्यायचं."

दोघं गेले. मी बसून राहिले. खत जाईल ह्याची भीती नव्हती फक्त. गेली काही वर्षं माझी वैशाली आणि तुझी सारिका, दोन्ही सुना आपापल्या बादल्या आपल्याला दारातच द्यायच्या. काठावर जायचो आपण दोघीच. त्या दोघी एकमेकींना सणावाराला हळदकुंकू लावायच्या, बाकी फोनमध्ये डोकं. तू गेलीस म्हणजे एक बाजू मोकळी झालीच होती. आता भिंत उभी राहिली की माझ्यामागं ही दोन घरं एकमेकांना कुठं भेटणार? लग्नात. आणि मयताला. मधे काही नाही.

मग मी जे केलं ते तुला आवडेल. ऊन उतरल्यावर म्हशीच्या डोणीपासून पाण्याचा पाईप ओढला आणि खड्ड्याच्या बरोबर मधे, जिथनं भिंत जाणार तिथं, सोडून दिला. आयुष्यभर जास्त पाण्यावरून तुला बोलले, आणि त्या संध्याकाळी तुझ्यापेक्षा जास्त पाणी मी घातलं. दिलीपनं विचारलं, "एवढं पाणी?" मी म्हणाले, "तुझी काकू सांगून गेलीय." तुझ्यावर ढकललं. तू काही नाही म्हणायला येत नव्हतीस.

सकाळी गवंडी आला. तोंडात तंबाखू आणि बडबड अखंड. दोरी लावली, चुन्याच्या फक्कीनं रेघ मारली. रस्त्याच्या बाजूनं खोदायला सुरुवात केली, गुडघाभरावर मुरूम लागला. ओढ्याच्या बाजूनं खोदलं, तिथंही मुरूम लागला. मग खड्ड्यातलं वरचं खत बाजूला ओढून मधे पहार मारली, तर पहार मुठीपर्यंत आत. त्यानं काढून पुन्हा मारली. पुन्हा आत.

"आजी, हितं काय पुरलंय तुमी?"

"आमचा संसार. उकर."

उकरलं. कंबरेइतकं झालं, छातीइतकं झालं, माणूस आत दिसेना, नुसती बडबड ऐकू येत होती. आणि तरी काळी, भुसभुशीत माती. तू दर साली खत काढताना तळ खरवडायचीस ना, "अजून एक पाटी निघंल" म्हणत? त्यानं खड्डा वर्षागणिक खाली गेला आणि वरून झिरपलेलं त्याच्याही खाली गेलं. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तुझ्या हावरेपणाचं फळ ते.

चराच्या एका बाजूला तुझा अर्धा होता, दुसऱ्या बाजूला माझा. मी काठावर वाकून नीट बघितलं, कारण एवढी वर्षं वाट बघत होते. वरखाली केलेलं कुठलं आणि झोपू दिलेलं कुठलं? इंदू, काही ओळखू आलं नाही. दोन्हीकडं सारखीच, चहाच्या भुकटीसारखी. महेशला मात्र मी सांगितलं, ही बारीक दिसते ती माझी.

गवंडी वर आला आणि म्हणाला, "हितं पाया धरत न्हाय. पहिल्या पावसात भिंत निजंल. घालायचीच तर हे समदं काढून दगड भरावं लागतील. बोला."

दिलीपनं महेशकडं बघितलं. महेश चपला काढून चरात उतरला. का उतरला ते त्यालाही ठाऊक नसावं. मूठभर माती घेतली, चोळली, नाकाशी नेली. हातात गांडूळ आलं ते त्यानं खाली ठेवलं आणि वर थोडी माती ओढली, तू लेकरांना शिकवायचीस तशी. मग म्हणाला, "दादा, ह्याच्यात दगड भरायचे?"

दिलीप म्हणाला, "नको."

"मग भिंत दोन्हीकडनं हितपतूर आणून थांबवूया."

मी पदर तोंडात कोंबून बसले होते.

भिंत रस्त्याकडून आली आणि खड्ड्यापाशी थांबली. ओढ्याकडून आली आणि थांबली. मधे मोकळं. ट्रॅक्टर बंदिस्त झाला, शेळ्यांसाठी त्या मोकळ्या जागेत महेशनं बाभळीच्या फांद्यांचं झापड लावलं, ते शेळ्या डोक्यानं उघडतात. काम संपल्यावर मी गवंड्याला चहा दिला आणि हळूच विचारलं, "पाणी जास्त झालं म्हणून मऊ लागली का रे जमीन?" तो म्हणाला, "कुठलं पाणी? वरची वीतभरच ओली होती, खाली मी कोरडंच उकरत होतो." म्हणजे एवढा पाईप ओढला तो फुकट. भिंत अडवली ती कांद्याच्या टरफलांनी. कंबर मात्र माझी धरली.

पण ती कंबर कामी आली. दोन दिवसांत ती बरी झाली, हे मी कुणाला सांगितलं नाही. पलंगावर बसून कण्हत राहिले. त्यामुळं वैशालीला स्वतःची बादली स्वतः न्यावी लागली. तिकडनं सारिकाला तुझी जागा घ्यावी लागली. पहिले काही दिवस दोघी आल्या, बादली उपडी केली, गेल्या. मी खिडकीतनं बघत होते आणि मनात म्हणत होते, काहीतरी बोला गं बायांनो, निदान उन्हाळ्याबद्दल.

मग एका सकाळी सारिकाचा आवाज आला. "वैनी, अंड्याची टरफलं अशी अख्खी टाकू नगा. चुरून टाका."

वैशाली म्हणाली, "आन् तुमच्या बादलीत परवा पोरांची चॉकलेटची कागदं होती, ती मी उचलली. बोलले का काही?"

"मग आज बोललात की."

"बोलायला लावलंत म्हणून बोलले."

मला वाटलं, झालं, आता ह्या आपापल्या वाटेनं जाणार. मग वैशाली म्हणाली, "लिंबाचा पाला कुठनं आणताय? आमच्या बाजूला कोरडं काहीच न्हाय." सारिका म्हणाली, "या की इकडं, झाडाखाली ढीग पडलाय." आणि वैशाली त्या मोकळ्या जागेतनं तुझ्या आवारात गेली, बादली घेऊन. परत यायला तिला पुष्कळ वेळ लागला. माझा चहा राहिला. मी चहा मागितला नाही.

आता अक्षयतृतीया तोंडावर आहे. दोन्ही शेतांना खत जायचंय, ट्रॉली सांगून ठेवलीय. दिलीप म्हणतो आधी काकूच्या शेतात, महेश म्हणतो आधी मोठ्या आईच्या. दोघं मला विचारायला आले होते. मी म्हणाले, मला काय विचारता, माझी कंबर दुखतेय.

हे लिहिता-लिहिता तुझी सारिका खड्ड्यापाशी येऊन उभी राहिलीय. तिथनंच ओरडते, "मोठ्या आई, कंबर बरी झाली का, का अजून दुखायचं हाय? आज वैनी माहेरी गेल्यात, बादली तुमची तुमाला आणावी लागंल."

तुझ्यासारखी ही मागं उभी राहून हसणारी नाही. तोंडावर बोलते. मला कसं झालंय सांगू, वय वीस वर्षांनी कमी झाल्यासारखं वाटतंय. तिला उभं ठेवलं तर अजून ऐकवील, म्हणून जाते. पण सावकाश जाणार आहे, लंगडत. ऐकवू दे.